बसून ऐकलेली नाचाची गाणी

मिरजेत आमच्या काकांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, वर पत्रा, आत राळेचा आणि स्पिरिटचा वास. शाळा सुटली की दप्तर घरी टाकून मी तिथल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसायचे. घरी दुपारची सामसूम असायची, आणि दुकानात कुठलं ना कुठलं यंत्र पोट उघडं टाकून गात असायचं.

दुरुस्त झालेला टेप गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी काका एकच कॅसेट लावून तपासायचे. मस्कतला नोकरीला असलेल्या कुणीतरी ती त्यांना दिली होती. वर निळ्या बॉलपेननं 'डिस्को' एवढंच लिहिलेलं. पहिल्या गाण्यात आधी लांबून एक घुमारा जवळ येतो, मग त्यातून काहीतरी धडधडत सुरू होतं ते थांबतच नाही, आणि वर एक बाई ढगात बसल्यासारखी तेच तेच म्हणत राहते. काकांना त्या बाईशी काही देणंघेणं नव्हतं. ते म्हणायचे, लताबाईंचं गाणं लावून टेप तपासायला बसलं तर आवाज हलल्यावर कळत नाही की तो बाईंनी हलवला की बेल्टनं. या गाण्यात यंत्रच वाजतंय, म्हणजे ठोका इकडचा तिकडं झाला तर चूक नक्की आपल्या टेपची. बेल्ट सैल असला की गाणं प्यायल्यासारखं चालायचं. हेडजवळचा बारका स्क्रू पाव आटा फिरवला की मागचं 'टिस् टिस्' एकदम धुऊन काढल्यासारखं लख्ख व्हायचं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल, पण कधी दोन मिनिटांच्या पुढं नाही. दोन मिनिटांत टेप पास किंवा नापास व्हायचा आणि काका बटण दाबायचे.

एकदा एक टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेप एकत्र असलेला, आला होता, त्याचा उजवा स्पीकर मुका होता. काकांनी कॅसेट लावली आणि मी म्हटलं, "काका, गाणं हळू झालंय."

"स्पीड बरोबर आहे."

"हळू नाही, निम्मं झालंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मागची वायर हलवून उजवा स्पीकर जागा केला आणि मला म्हणाले, आता एकेका स्पीकरला कान लावून बघ. डाव्या बाजूला एक स्वर वाजत होता, आणि तोच स्वर क्षणभरानं, जवळजवळ त्याच्या टाचेवर पाय देत, उजवीकडं. डावा, उजवा, डावा, उजवा. ती जी घोडदौड ऐकू यायची ती एका बाजूला नव्हतीच, दोन्ही मिळून होती. एक स्पीकर गेला की घोडा दोन पायांवर चालायला लागायचा.

त्या गाण्याचं नाव 'आय फील लव्ह' आणि गाणारी डोना समर, हे मला पुण्यात कॉलेजला गेल्यावर कळलं. बाकीचं त्याहून खूप उशिरा. 1977 साली म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट या दोघांनी ते केलं. बेसचे स्वर मूग नावाच्या कपाटाएवढ्या सिंथेसायझरवर बसवले, प्रत्येक स्वराचा प्रतिध्वनी काढून तो दुसऱ्या बाजूला ठेवला. मी मिरजेत पत्र्याखाली जे ऐकलं ते हेच. एक गोष्ट मात्र काकांना चुकीची माहीत होती. त्या गाण्यात माणूस आहे. मूगवर मनासारखा ठोका निघेना, म्हणून तळातला 'धम् धम्' कीथ फोर्सी नावाच्या ड्रमरनं पायानं वाजवलेला आहे, न चुकता, यंत्राच्या बरोबरीनं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी माणसावर टेप लावत होतो."

माझ्या आवडीच्या रेकॉर्ड्स कुठल्या असं कुणी विचारलं की मी जी नावं घेते ती जवळजवळ सगळी नाचाची आहेत. आणि ती जवळजवळ सगळी मी बसून ऐकली आहेत. स्टुलावर, एसटीत, हॉस्टेलच्या कॉटवर, ऑफिसच्या खुर्चीत, भाजी निवडताना. लोक कपाळाला हात लावतात. जेवणाचं ताट नुसतं बघत बसण्यासारखं आहे हे. असेल.

नाचायचं म्हणजे कुठं? आमच्याकडं नाच वरातीत होता आणि वरात पुरुषांची होती. आम्ही गॅलरीतून बघायचो. बँडवाले 'नागिन'ची बीन काढायचे, कुणीतरी तोंडात रुमालाचं टोक धरून रस्त्यावर लोळायचं आणि आत्याबाई म्हणायच्या, शर्टाचा सत्यानाश. ती धून गारुड्याच्या पुंगीची नाही, हे मला फार उशिरा कळलं. 1954 सालच्या त्या सिनेमात ती बीन क्लॅव्हायोलिनवर वाजली आहे. एका वेळी एकच स्वर काढणारं, व्हॉल्व्हवर चालणारं फ्रेंच विजेचं वाद्य. वाजवणारे कल्याणजी, म्हणजे पुढं जोडीनं संगीतकार झाले त्यातले. आपल्याकडं इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाच कधी सुरू झाला असं कुणी मला विचारलं तर मी मुंबईच्या क्लबांकडं बोट दाखवणार नाही. सत्तर वर्षं महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत माणसं एका सिंथेसायझरच्या आजोबांपुढं फणा काढून नाचताहेत.

पुण्यात वर्किंग विमेन्स हॉस्टेलला होते तेव्हा वॉकमन आला. माझ्याकडं तेव्हा तीन कॅसेटी होत्या आणि त्यातली एक न्यू ऑर्डर या इंग्रज बँडच्या गाण्यांची, कुणाची तरी कॉपी केलेली. त्यातलं 'ब्लू मंडे' मी इतकं वाजवलं की टेप त्या जागी पातळ झाली. 1983 सालचं गाणं, साडेसात मिनिटांचं. मूळ रेकॉर्डचं कव्हर पीटर सॅव्हिल यांनी सव्वापाच इंची फ्लॉपीसारखं केलं होतं, मध्ये भोकं पाडून, आणि ते इतकं महाग पडायचं की सुरुवातीच्या प्रतींवर रेकॉर्ड कंपनीला तोटाच झाला म्हणतात. मी दिवसभर तशाच फ्लॉप्या मशीनमध्ये घालत आणि काढत होते. डेटा एंट्री. कव्हर मला माहीत नव्हतं, तरी ते गाणं माझ्या टेबलावरचं वाटायचं.

पण मला ते जास्त आवडायला लागलं ते जिलियन गिल्बर्टची गोष्ट वाचल्यावर. बँडमधली एकटी बाई. सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रात, स्वर भरण्याआधी तिनं सगळे आकडे कागदांवर लिहून काढले, कागद एकमेकांना चिकटपट्टीनं जोडले, विणकामाच्या नमुन्यासारखी ती लांबलचक पट्टी झाली. भरताना एक स्वर राहून गेला. त्यामुळं ती धून ठोक्याच्या जराशी बाजूनं चालते, आणि तशीच ठेवली गेली. स्वेटर विणताना एक टाका सुटावा, मागं उसवायचा कंटाळा यावा आणि शेवटी त्या वाकड्या रांगेलाच सगळ्यांनी डिझाइन म्हणावं. माझ्या आईनं असले दोन स्वेटर केलेत. एक अजून माझ्याकडं आहे.

आईवरून 'अराउंड द वर्ल्ड' आठवलं. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं, 1997 च्या 'होमवर्क' अल्बममधलं. सात मिनिटं तेच तीन इंग्रजी शब्द, यंत्राच्या घशातून. बाबा गेल्यावर आई माझ्याकडं पुण्यात राहायला आली होती. रविवारी सकाळी ती देवघरापाशी माळ घेऊन बसलेली आणि मी बाहेरच्या खोलीत हे लावलेलं. जप संपवून ती बाहेर आली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तर म्हणाली, "किती वेळा म्हणतो गं तो?" मी म्हटलं, माहीत नाही. पुढच्या रविवारी तिनं माळ हातात घेऊन ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. 144. पुढं इंटरनेट आल्यावर मी ताडून बघितलं, हाच आकडा सगळीकडं दिलेला आहे. तिनं मात्र नापसंती दाखवली. 108 झाले की माळ फिरवायची असते. "मेरुमणी ओलांडला त्यांनी," असं म्हणून ती उठली. त्यावर तिला बेसगिटार किती सुंदर चालते ते सांगायचा मी प्रयत्न केला, पण ती आत गेली होती. त्या गाण्याचं याहून अचूक परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही.

आता गोवा. हॉस्टेलमधली माझी रूमपार्टनर हणजूणची. बाहेरचे ज्याला अंजुना म्हणतात ते. डिसेंबर 1995 च्या सुट्टीत मी तिच्याबरोबर गेले, समुद्र बघायला म्हणून. तिची मावशी 'पार्टीला चहा लावायची'. तेव्हा हे वाक्य मला समजलंच नव्हतं. रात्री अकराला आम्ही मावशीबरोबर निघालो तेव्हा हातात चटया, स्टोव्ह, दोन पातेली, अंड्यांचे क्रेट, पावाची पिशवी आणि रॉकेलचे दिवे. नारळाच्या बागेपलीकडं माळ होता, झाडांना चमकत्या रंगांची कापडं ताणलेली. कडेला ओळीनं गावातल्या बायका आपापल्या चटया पसरून बसत होत्या, प्रत्येकीपुढं एक मिणमिणता दिवा, जत्रेत बसतात तशा. चहा, आमलेट-पाव, केळी, सुट्ट्या सिगरेटी.

आणि मग ते सुरू झालं. मिनिटाला एकशे चाळीसेक ठोके, शब्द नाहीत, थांबा नाही. एक गाणं संपून दुसरं कधी सुरू होतं ते कळत नव्हतं. वाजवणाऱ्यापुढं रेकॉर्डप्लेअर नव्हते, डॅट नावाच्या छोट्या कॅसेटी होत्या. त्या उन्हात आणि धुळीत तबकड्या वाकतात, म्हणून तिथं आधी साध्या कॅसेटी आणि मग डॅट वापरायची रीत पडली. कॅसेट म्हटल्यावर मला लगेच परकं वाटेनासं झालं. मी मनातल्या मनात बेल्ट तपासला. ठीक होता.

मी मावशींच्या शेजारी कांदा चिरत बसले. समोर धुळीच्या पडद्यात शेदोनशे माणसं एकाच जागी पाय आपटत होती. मावशी त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हत्या, पण ऐकत होत्या. अंधारातच त्यांनी मोठं पातेलं चढवलं तेव्हा मी म्हटलं, आत्ता कशाला? त्यांनी हातानं थांब अशी खूण केली. पाच-दहा मिनिटांत संगीत बदललं. तोवर नुसतं खरवडणारं, घुसळणारं होतं, आता वर लांब सूर यायला लागले, गोड म्हणावेत असे. पहाटेचं वेगळं असतं म्हणाल्या. हे लागलं की अर्ध्या तासात उजाडतं आणि सगळ्यांना एकदम भूक लागते. तसंच झालं. ज्यांना अख्खी रात्र भान नव्हतं ती माणसं उन्हं वर येताना डोळे चोळत चटईवर येऊन बसली आणि दुधाचा चहा मागायला लागली. मी आयुष्यात रागसमयाचं इतकं व्यवहारी ज्ञान दुसऱ्या कुणाकडं बघितलेलं नाही.

मध्ये एकदा मावशींनी मला कोपरानं ढकललं होतं, जा की, तुझ्या वयाच्या पोरी आहेत तिथं. मी नको म्हटलं. कारण सांगायला लाज वाटते. मिरजेचं कुणी बघेल, असं मला वाटलं होतं. रात्री तीन वाजता. हणजूणच्या माळावर.

तिथून येताना मैत्रिणीनं हॅलुसिनोजेनच्या 'ट्विस्टेड'ची कॅसेट दिली. 1995 मध्येच निघालेला, सायमन पॉसफोर्ड या इंग्रज तरुणानं हॅलुसिनोजेन या नावानं एकट्यानं केलेला अल्बम. गोवा ट्रान्स म्हणून जगात जे काही आहे त्यात मला तो अजूनही सगळ्यात वर वाटतो. त्यात आवाज जागच्या जागी उकळत असतात, पातेल्यातल्या चहासारखे, आणि सांडणार सांडणार म्हणता खाली बसतात. या संगीताचा इतिहास लिहिणारे गोवा गिलपासून सुरुवात करतात. कॅलिफोर्नियाचा माणूस, 1970 च्या सुमारास इथं आला, जटा वाढवल्या, रात्र-रात्र संगीत लावलं, 2023 मध्ये वारला. त्याचा मान त्याला आहेच. पण जगभरच्या दुकानांत 'गोवा' असं लिहिलेल्या त्या रेकॉर्ड्समध्ये ओम् सापडतो, सतार सापडते, शंख सापडतो. स्टोव्हचा फर्र आवाज सापडत नाही. मी 'ट्विस्टेड' लावते तेव्हा तो मला मनानं घालावा लागतो.

त्याच सुमाराला माझ्या चुलतभावानं, म्हणजे काकांच्या मुलानं, डॉल्बी काढला. आमच्या सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात डॉल्बी ही कंपनी नाही आणि तंत्रही नाही. डॉल्बी म्हणजे गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत. टेपरेकॉर्डर दुरुस्तीला कुणी येईनासं झालं होतं, काकांचं अर्धं दुकान रिकामं पडलेलं. दादानं त्यात खोकी ठोकायला सुरुवात केली. दोन बेस, दोन टॉप, मग चार-चार. लग्नसराईत तो रात्र-रात्र बाहेर असायचा आणि पहाटे स्वतः टेम्पो चालवत परत यायचा. मला त्याची काळजी वाटायची.

तेव्हा रॉबर्ट माइल्सचं 'चिल्ड्रन' सगळीकडं वाजत होतं. नुसता पियानो, पावसासारखा, खाली ठोका. मी वाचलं की हे गाणं त्यानं रात्रीच्या शेवटी वाजवायला म्हणून केलंय. इटलीत शनिवारी रात्रभर नाचून, त्याच धुंदीत गाडी हाणत घरी निघालेली तरुण पोरं अपघातात मरत होती. शेवटचं गाणं असं असावं की पोरं शांत होऊन घरी जावीत. याला युगोस्लाव्हियाच्या युद्धातल्या मुलांच्या फोटोंचीही पार्श्वभूमी होती, त्याचे वडील तिथून ते फोटो घेऊन आले होते. मी भारावले. एका बाजूला नुसतं 'चिल्ड्रन' पुन्हापुन्हा भरलेली कॅसेट करून मी दादाला पाठवली, चिठ्ठीसकट. परत येताना हीच लाव.

पुढच्या वेळी घरी गेले तेव्हा कॅसेट जशीच्या तशी काउंटरवर. "अगं, झोप येती की ते ऐकून! कवठेमहांकाळच्या पुढं डोळाच मिटला माझा." तो परतताना आनंद शिंदे लावायचा, मोठ्यानं, आणि सोबत गायचा. आजवर सुखरूप आहे.

दादाचं स्वतःचं लग्न 2003 च्या मे महिन्यात झालं. डॉल्बीवाल्याचंच लग्न म्हटल्यावर धंद्यातल्या सगळ्यांनी आपापली खोकी आणून लावली. रात्री दहाच्या आत बंद करायचं होतं. आवाजाचे नियम 2000 सालीच आले होते, आणि ते हवेतच असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरात तान्हं मूल किंवा हृदयाचा पेशंट आहे त्यांना त्या भिंतीपुढं उभं करून संस्कृतीच्या गप्पा माराव्यात. असो. पावणेदहा वाजले असतील. आम्ही नेहमीप्रमाणे बाजूला उभ्या. काकू, म्हणजे नवऱ्या मुलाची आई, साठीला आलेली बाई, हातातली अक्षता तशाच मुठीत, माझं मनगट धरून मला ओढत थेट खोक्यांसमोर घेऊन गेली. वाजत होती ती 'नागिन'चीच बीन, खाली कुणीतरी यंत्राचा ठोका घातलेली.

आणि माझ्या बरगड्या हलल्या. लाक्षणिक अर्थानं सांगत नाहीये. पोटात, दातांत, पैठणीच्या निऱ्यांत ठोका शिरला. कान त्यात सगळ्यात शेवटी आले. ठोक्याचा जो खरा ऐवज असतो तो पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास असतो. टू-इन-वनचा तीन-चार इंची स्पीकर शंभराच्या खाली नीटसं काही देतच नाही, वॉकमनचे ते स्पंजवाले हेडफोन तर नाहीच नाही. ठोक्याच्या वरचा 'टक्' तेवढा ऐकू येतो आणि खालचा मेंदू आपला समजून घेतो. म्हणजे वीस वर्षं मी या गाण्यांचा वरचा अर्धा भागच ऐकला होता. न्यू ऑर्डर, डाफ्ट पंक, सगळी. हणजूणला मी स्पीकरपासून लांब, चटयांच्या ओळीत होते. मी दहा मिनिटं नाचले. कशी नाचले ते विचारू नका, व्हिडिओ आहे आणि तो काकूंच्या कपाटात आहे. बरोबर दहाला दादानं बंद केलं, आणि मग जी शांतता झाली तिच्यातसुद्धा पोटात काहीतरी चालूच होतं.

काका त्या सगळ्या वेळात अँप्लिफायरच्या रॅकपाशी उभे होते, उजवी बाजू खोक्यांकडं करून. ते दरवेळी तिथंच उभे असायचे.

चरणजित सिंगांची रेकॉर्ड मला 2010 साली, ती परदेशात पुन्हा निघाल्यावर मिळाली. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ऑफिसमध्ये हेडफोनवर पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाटलं, कुणीतरी गंमत करतंय, आजचं संगीत करून जुनं कव्हर लावलंय. पण ती खरंच 1982 मध्ये मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली आहे. चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतले वादक, नवीन वाद्यांचे शौकीन. रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं त्यांनी घेतली: सूर वाजवायला ज्युपिटर-8, ठोक्यासाठी टीआर-808 आणि बेससाठी टीबी-303. तेव्हा ती यंत्रं नवी कोरी होती. 303 हे खरं तर एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. खऱ्या बेससारखं ते वाजेना, खपलं नाही, 1984 मध्ये कंपनीनं बंद केलं. मग शिकागोतल्या पोरांना ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळालं, त्यांनी त्याच्या नको त्या बटणांशी खेळ केला आणि 1987 मध्ये फ्यूचर या त्रिकुटाचं 'ॲसिड ट्रॅक्स' निघालं. तिथून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार. चरणजित सिंगांनी त्याच्या पाच वर्षं आधी तेच यंत्र घेऊन ललत वाजवला होता. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही, विसरली गेली.

यावरून आपल्याकडं लगेच 'ॲसिड हाउसचा शोध भारतात' असे मथळे आले. मला ते पटत नाही. शिकागोतल्या कुणी ही रेकॉर्ड ऐकली होती असं काही दिसत नाही, आणि चरणजित सिंगांना क्लबात काही घडवायचं नव्हतं. दोन माणसं एकाच दारातून वेगवेगळ्या दिवशी आत गेली, एवढंच. मला त्यात जे ऐकू येतं ते वेगळंच आहे, आणि ते ऐकायला मिरजेचं असावं लागतं.

काकांच्या दुकानापासून चालत पाच मिनिटांवर सतारमेकर गल्ली. तिथं तंबोऱ्याची जवारी काढताना मी लहानपणी तासन् तास बघितलंय. कारागीर घोडीवर कानस अगदी हलक्या हातानं फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा एका जागी असताना तार नुसती टणत्कार करते, मुकी असते. केसभर सरकला की तीच तार फुलते, आतून सूर बाहेर यायला लागतात, एकावर एक, भुंगा फिरल्यासारखे. आणखी सरकला की पुन्हा मिटते. स्वर तोच, फक्त उघडतो आणि मिटतो. 303 वर एक बटण असतं, ते फिरवलं की हेच होतं. बेसचा स्वर आधी बंद दारामागं असतो, बटण फिरत जाईल तसा तो उघडतो, चिरकतो, फुलतो. शिकागोवाल्यांनी त्याला ॲसिड म्हटलं. मी ऑफिसमध्ये बसून म्हटलं, अरे, ही तर जवारी काढताहेत.

राग म्हणून ती रेकॉर्ड मला फार थोर वाटते असं नाही. ज्युपिटरवरच्या ताना मोजून-मापून येतात, एका स्वरातून दुसऱ्यात सरकणारी मींड जवळजवळ नाहीच, ललतातले दोन मध्यम एकमेकांशी जे बोलतात ते इथं बोलत नाहीत, नुसते शेजारी राहतात. मालकंस तर घाईत आहे. पण खाली बेस एका षड्जाभोवती फिरत राहतो, स्वरावली बदलत नाही, आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की हा तंबोरा आहे. पळणारा तंबोरा. मेघ मल्हार मी अजूनही दर पावसाळ्यात पहिल्या सरीला लावते. चरणजित सिंग 2015 मध्ये मुंबईत वारले. त्याआधीची काही वर्षं युरोपातल्या तरुण पोरांनी त्यांना स्टेजवर बोलावून ते राग पुन्हा वाजवायला लावले, त्याच जुन्या यंत्रांवर. फोटोत ते टापटीप कपड्यांत, शांत, किंचित गोंधळलेले दिसतात. आणि अर्थातच, वाजवताना उभे आहेत.

मागच्या दिवाळीत मिरजेला गेले होते. काका आता चौऱ्याऐंशीचे. दुकानाचं गोडाऊन झालंय, दादाची खोकी आहेत तिथं. उजव्या कानानं त्यांना काहीच ऐकू येत नाही, कित्येक वर्षं झाली. त्यांच्या भाषेत उजवा चॅनल गेलाय. माळ्यावर एक टू-इन-वन सापडला आणि बिस्किटाच्या डब्यात कॅसेटी. बेल्टचं वितळून डांबर झालं होतं. मी नवीन बेल्ट मागवला, त्यांनी शेजारी बसून सांगितलं तसं सगळं उघडलं, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून ते काळं पुसून काढलं. त्यांचे हात कापतात, म्हणून स्क्रू मी फिरवला. पाव आटा, ते म्हणाले, जास्त नको.

काकू दुपारची झोपली होती, म्हणून स्पीकर बंद ठेवून वायरचे इअरफोन लावले. डावं बोंडूक त्यांच्या डाव्या कानात, उजवं माझ्या. 'डिस्को' लावली. घुमारा जवळ आला, आणि मग माझ्या कानात स्वर पडायला लागले, सुटे सुटे, मध्ये मोकळी जागा सोडून. निम्मे. उरलेले निम्मे त्यांच्याकडं होते.

काकांनी डोळे मिटले होते. थोड्या वेळानं त्यांचं बोट टेबलावर पडायला लागलं, बारीक, झपाझप, न थरथरता. मला वाटलं, त्यांना जे ऐकू येतंय त्याच्यावरच ठोका धरताहेत. मग लक्षात आलं, बोट त्यांच्या स्वरावर नव्हतंच. माझ्या कानात स्वर वाजायचा त्या क्षणाला ते लाकडावर टेकत होतं. दर वेळी. त्यांना ऐकू न येणारे स्वर ते भरून घेत होते.

दोन मिनिटं झाली. मी वाट बघत होते, पण त्यांचा हात बटणाकडं गेला नाही. मी ते गाणं पहिल्यांदाच त्यांच्यासोबत शेवटपर्यंत ऐकलं. ते संपल्यावर काकांनी कानातलं बोंडूक काढून माझ्या हातात दिलं.

"स्पीड बरोबर आहे," ते म्हणाले.